बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच जा

तीन महिने मुलीकडे जाताय आणि गाडी नाशिकलाच उभी राहणार, तर बॅटरी उतरू नये म्हणून शेजाऱ्यांना दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट करायला सांगा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. नुसत्या आयडलिंगवर दहा मिनिटांत बॅटरीची आठवड्याची तूट भरून निघेलच असं नाही, शिवाय इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडा थोडा करंट खात असतात. ५० मिलिअँपिअर धरा: दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप), महिन्याला ३६. लहान गाडीची बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-अवरची! आणि रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्ज करूनही ती पूर्वीसारखी होत नाही. आमची अशीच गेली, जेमतेम दीड वर्षाची होती.

म्हणून आधी फुल चार्ज करा. तासन्‌तास उभ्या गाडीत मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) बॅटरीचे १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग निगेटिव्ह वायर काढा, पॉझिटिव्हला हात लावू नका; पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होईल. पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप थांबणारा मेंटेनर चार्जर त्याहून उत्तम.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर गाडी सावलीतच ठेवा. आपल्याकडच्या उन्हात बॅटरी आपसूकही लवकर उतरते.

हो, वायर काढल्यावर रिमोट चालणार नाही. दाराचं कुलूप साध्या किल्लीने उघडतंय ना, ते आधीच बघून घ्या.