मदत हवी आहे: दादाच्या रक्तात मास्ट सेल सापडल्या, रिपोर्ट कसा वाचायचा?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, या विषयावर धागा दिसला नाही म्हणून नवीन काढते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४४, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मानेवर गांधीलमाशी डसली. काही मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम, आणि बांधावरच कोसळला. अंगावर गांधी उठल्या नाहीत, ओठ-डोळे सुजले नाहीत, त्यामुळे गावातल्या दवाखान्यात 'ऊन लागलं' म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. पुन्हा एकदा डसली तेव्हा मात्र बीपी लागेना. नशिबाने गाडी दारात होती. नाशिकच्या फिजिशियननी सगळं नीट ऐकून घेतलं आणि ट्रिप्टेज नावाची तपासणी सांगितली. ॲलर्जीच्या वेळी रसायनं सोडणाऱ्या मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्यांच्यातून निघणारं हे प्रथिन. तिथून हे प्रकरण सुरू झालं.

रिपोर्ट असे आहेत:

ट्रिप्टेज ३८ नॅनोग्रॅम प्रति मिली (झटका येऊन गेल्यावर बऱ्याच दिवसांनी, बरा असताना काढलेलं). बोन मॅरो बायॉप्सीत १५ पेक्षा जास्त मास्ट सेलचे पुंजके, अनेक ठिकाणी, बऱ्याचशा चरख्याच्या चातीसारख्या लांबुळक्या. सीडी २५ (पेशीच्या पृष्ठभागावरची एक खूण) पॉझिटिव्ह. मॅरोच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या नमुन्यात) मास्ट सेल २ टक्के. रक्तावरच्या जनुकीय पॅनेलमध्ये 'किट म्युटेशन आढळले नाही', आणि नंतर मॅरोवर वेगळ्या पद्धतीने केलं तर 'किट डी८१६व्ही आढळले'. हिमोग्लोबिन १३.८, प्लेटलेट २ लाख ४० हजार, सोनोग्राफीत लिव्हर-प्लीहा ठीक.

आणि ज्याने झोप उडवली ती ओळ: 'परिघीय रक्तात फ्लो सायटोमेट्रीवर सीडी ११७ आणि सीडी २५ पॉझिटिव्ह असामान्य मास्ट सेल, ०.०१ टक्के'. वहिनीच्या भाच्याने मोबाइलवर शोधलं. मास्ट सेल रक्तात दिसल्या म्हणजे मास्ट सेल ल्युकेमिया, आयुष्य काही महिन्यांचं, असं त्याने भर जेवणाच्या पंगतीत वाचून दाखवलं. तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही. हिमॅटॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.

प्रश्न: हा रक्ताचा कॅन्सर आहे का? एक लॅब नाही म्हणते, दुसरी हो म्हणते, खरं कुठलं? दादाच्या दोन मुलांची तपासणी करायची का? आणि त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते करावं की नको?

गप्पिष्ट_गणू

वाईट वाटलं वाचून. आमच्या आत्येभावाला रक्ताचा कॅन्सर होता, रोज एक इमॅटिनिबची गोळी घेतो, दहा वर्षं ठणठणीत आहे. तीच गोळी विचारून बघा. धीर सोडू नका.

काचपट्टी

ताई, मी हिमॅटोपॅथॉलॉजीत काम करतो, स्लाइड बघणं हाच धंदा. तुमच्या दादांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे अंतिम शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच सांगता येतं, आणि त्यातलं बहुतेक तुमच्या भाच्याने वाचलं त्याच्या उलट आहे.

आधी ०.०१ टक्के. म्हणजे दहा हजार पांढऱ्या पेशींत एक. नेहमीचा ल्युकेमिक प्रकार म्हणायला रक्तात किमान १० टक्के मास्ट सेल लागतात, म्हणजे दहात एक. हजारपटीचा फरक झाला. आणि मुळात मास्ट सेल ल्युकेमिया ठरतो तो रक्तावर नाही, मॅरोच्या स्मिअरवर. तिथे २० टक्के किंवा जास्त लागतात, दादांच्या २ आहेत. रक्तातल्या १० टक्क्यांचा उपयोग फक्त त्या ल्युकेमियाचे दोन पोटप्रकार वेगळे करायला होतो. म्हणजे ती ओळ वाचून घाबरण्याआधी वरची 'मॅरो स्मिअर २ टक्के' ही ओळ वाचायला हवी होती.

मग रक्तात त्या आल्याच कशा? मास्ट सेल जन्मते बोन मॅरोत, पण तिथे मोठी होत नाही. कोवळ्या अवस्थेत रक्तातून प्रवास करते आणि त्वचा, आतडी, श्वासनलिका अशा ठिकाणी जाऊन पक्व होते. म्हणून निरोगी माणसाच्या स्मिअरमध्ये पक्व मास्ट सेल दिसतच नाही. सीबीसीत जे बेसोफिल लिहिलेलं असतं ती वेगळी पेशी, दाणे सारखे दिसतात म्हणून लोक गोंधळतात. तिच्यावर सीडी ११७ नसतं. मास्टोसायटोसिसमध्ये, म्हणजे बिघडलेल्या मास्ट सेल साठत जाण्याच्या आजारात, त्या पेशींपैकी काही थोड्या रक्तात फिरतात. पूर्वी त्या सापडत नव्हत्या कारण भिंगाखाली आपण शंभर-दोनशे पेशी मोजतो. आता फ्लो सायटोमेट्रीवर लाखो पेशी चाळल्या जातात, त्यात निरोगी मास्ट सेलवर नसणारं सीडी २५ शोधलं जातं, मग दहा हजारांतली एकही हाती लागते. दुखणं वाढलेलं नाही, जाळं बारीक झालंय.

सीडी ११७ म्हणजेच किट. हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर. बाहेरून स्टेम सेल फॅक्टर येऊन चिकटला की तो पेशीला 'जग, वाढ' असा इशारा देतो. डी८१६व्ही म्हणजे ८१६ क्रमांकाच्या जागी ॲस्पार्टिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलं. त्यामुळे तो इशारा बाहेरून काहीही न येता चालूच राहतो. सिस्टिमिक (फक्त त्वचेत नाही, आतल्या अवयवांतही असलेला) मास्टोसायटोसिस असलेल्या प्रौढांत बहुतेकांना हेच म्युटेशन असतं.

आता दोन लॅबचं भांडण. भांडण नाहीच. नेहमीचं जनुकीय पॅनेल साधारण दोन-पाच टक्क्यांच्या खालचं म्युटेशन गाळून टाकतं. या आजारात बिघडलेल्या पेशी एवढ्या थोड्या असतात की रक्तात प्रमाण त्याच्याही कितीतरी खाली असतं. त्यासाठी ॲलील-स्पेसिफिक पीसीआर किंवा डिजिटल ड्रॉपलेट पीसीआर लागतं. पॅनेलचं 'आढळले नाही' वाचून कित्येक पेशंट घरी पाठवले जातात, ही माझी जुनी तक्रार आहे. रिपोर्टवर संवेदनशीलता किती ते छापलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारावं, तो तुमचा हक्क आहे.

निदानाचं गणित: बायॉप्सीत १५ किंवा अधिक मास्ट सेलचे अनेक पुंजके हा मुख्य निकष. त्यासोबत एक गौण निकष पुरतो, दादांकडे चार आहेत: लांबुळक्या पेशी (२५ टक्क्यांहून जास्त असल्या तर), सीडी २५, किट म्युटेशन, ट्रिप्टेज २० च्या वर. म्हणजे सिस्टिमिक मास्टोसायटोसिस आहे, त्याबद्दल शंका घेऊ नका.

पण प्रकार कुठला, यावर सगळं अवलंबून. हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, लिव्हर बिघडून पोटात पाणी, हाडांत मोठी भगदाडं, आतड्यांत पसरून वजन उतरणं, अशा खुणा म्हणजे अवयवाला इजा. त्यांना सी-फाइंडिंग म्हणतात आणि त्या असल्या तर आजार आक्रमक गटात जातो. तुम्ही लिहिलेल्यात एकही दिसत नाही. त्वचेवर तपकिरी डाग आहेत का? नसतील, आणि ट्रिप्टेज १२५ च्या खाली आहेच, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात 'बोन मॅरो मास्टोसायटोसिस' असा वेगळा सौम्य प्रकार आहे. गांधीलमाशी डसून गांधी न उठता थेट बीपी कोसळलेला पुरुष, हे त्याचं अगदी ठरलेलं चित्र. अशा सौम्य प्रकारांत आयुर्मान जवळपास इतरांसारखंच असतं. पुस्तकात हा रक्तपेशींच्या गाठ-वर्गात मोडतो, हे लपवत नाही. तरी घरात 'ब्लड कॅन्सर' म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं ते हे नाही.

मुलांचं: हे म्युटेशन जन्मानंतर एखाद्या पेशीत घडतं, बापाकडून सहसा येत नाही. मुलांना काही त्रास नसेल तर सुया टोचू नका.

गणूभाऊ, इमॅटिनिब इथे चालत नाही. डी८१६व्ही असलेलं किट त्या गोळीला दाद देत नाही. आत्येभावाचा आजार वेगळा.

भूलवाला

काचपट्टी यांना अनुमोदन. मी भूलतज्ज्ञ, हर्नियापुरतं बोलतो. ऑपरेशन होऊ शकतं, पण 'पेशंटला मास्टोसायटोसिस आहे' हे ऐन टेबलावर कळता कामा नये. मास्ट सेल ॲलर्जीशिवायही फुटतात: थंडी, घर्षण, वेदना, धास्ती, काही औषधं. स्नायू सैल करणाऱ्यांत ॲट्राक्युरियम आणि मिव्हाक्युरियम टाळतो. मॉर्फिनऐवजी फेंटानिल बरं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं पूर्वी निर्धास्त घेतलेली असतील तर गोष्ट वेगळी, एरवी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आधी अँटिहिस्टॅमिन देतात, टेबल आणि सलाईन कोमट ठेवतात. पेशंटला चार दिवस आधी माझ्याकडे आणा, एवढंच आम्हा लोकांचं मागणं असतं.

आणखी एक. दादांना बीपीची गोळी चालू आहे का? मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी बीटा ब्लॉकर असेल तर झटका आल्यावर देतात त्या ॲड्रेनलिन इंजेक्शनचा गुण कमी येतो. मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

डेल्फ्टकर

मी स्वतः पेशंट, नेदरलँड्समध्ये. माझा प्रकार त्वचेवर डागवाला, डाग चोळला की तिथे लगेच फुगवटा येतो. डॉक्टर मंडळी मेडिकलच्या मुलांना बोलावून ते करून दाखवतात, आता मी फी लावणार आहे. इथे लिहितोय ते हाडांसाठी. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झालं का दादांचं? माझं निदानच मुळी पाठीचा मणका दबला म्हणून झालं, सायकल उचलताना. चाळिशीच्या पुरुषाला ऑस्टिओपोरोसिस कुठला, म्हणून आधी कुणी बघितलंच नव्हतं. मास्ट सेल हाडं पोखरतात, आणि सौम्य प्रकारातही पोखरतात.

औषधं: रोज सेटिरिझिनच्या जातीची एक गोळी, पोटासाठी फॅमोटिडिन, हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट. यावर माझं बरं चाललंय. ॲव्हाप्रिटिनिब हे नेमकं डी८१६व्हीवर काम करणारं औषध अमेरिकेत २०२१ मध्ये आक्रमक प्रकारांसाठी आणि २०२३ मध्ये सौम्य प्रकारासाठी मंजूर झालं. त्याआधी २०१७ मध्ये मिडोस्टॉरिन, तेही आक्रमकांसाठीच. दादांना यातलं काही लागेलच असं नाही. भाचा उद्या तेही शोधून काढेल आणि किंमत वाचून पुन्हा पंगत उठवेल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

द्राक्षवेल

काय बोलू. काचपट्टी, तुमचा प्रतिसाद वहिनीला फोनवर वाचून दाखवला. 'दहा हजारांत एक' हे तिने दोनदा म्हणवून घेतलं. त्वचेवर डाग नाहीत. डेक्सा झालेलं नाही, यादीत टाकलं. बीपीची गोळी नाही. हर्निया बराच जुना, घाईचा नाही.

आता खरी अडचण. बाग सोडून तो घरी बसणार नाही. आणि बागेत मोहोळ आहे, शेडला गांधीलमाश्यांचं पोळं आहे. त्याला मी काय सांगू?

काचपट्टी

मास्टोसायटोसिसवाल्याला डंखच जिवावर उठतो, पेशींचा आकडा नाही. शेडचं पोळं आज काढा, दादांनी नव्हे, दुसऱ्या कुणी, संध्याकाळनंतर. डंखावरची लस, म्हणजे त्याच कीटकाचं विष अगदी थोडं-थोडं वाढवत देणं, हा परदेशात नेहमीचा उपाय आहे आणि या आजारात ती आयुष्यभर चालू ठेवतात. आपल्याकडे ती सहजी मिळत नाही, शिवाय कुठल्या माशीची ते नक्की ठरायला हवं. ॲलर्जी तज्ज्ञाला विचाराच. नवीन डॉक्टरांकडे जाताना बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या, नुसता कागद नको. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी स्लाइडवर दुसरं मत घेता येतं.

पुन्हा झटका आलाच तर त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत ट्रिप्टेजसाठी रक्त काढायला सांगा. नेहमीच्या आकड्याच्या सव्वा पटीच्या आसपास, नेमकं सांगायचं तर त्यात २० टक्के आणि वर २ मिळवून जे येईल, त्याच्यापुढे गेलं तर मास्ट सेल फुटल्याचा पुरावा. दादांचं ३८, म्हणजे ४७.६. कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पण रक्तासाठी उपचार थांबवायचे नाहीत.

भूलवाला

ॲड्रेनलिन. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज सापडत नाही. म्हणून ॲम्प्यूल आणि सिरिंज. १ मिलीत १ मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. शिरेत कधीही नाही. डोस डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि दादा, वहिनी आणि बागेतला एक कायमचा गडी अशा तिघांना नर्सकडून भरायला शिकवा. ॲम्प्यूल फोडताना हात थरथरतो, पाण्याच्या ॲम्प्यूलवर सराव करा.

डंख झाला आणि अंधारी आली की आधी इंजेक्शन, मग फोन. माणसाला आडवं ठेवा, पाय उंच, उठवून बसवू नका आणि चालत गाडीपर्यंत तर अजिबात नेऊ नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या, त्रास उलटू शकतो. गांधी उठायची वाट पाहायची नाही, दादांना त्या उठत नाहीत हे दोनदा दिसलंय.

द्राक्षवेल

ॲम्प्यूल शेडमध्ये ठेवलं तर चालेल का? तिथे एप्रिलमध्ये पत्रा तापतो.

भूलवाला

शेडमध्ये नको. २५ अंशांच्या खाली, उजेडापासून लांब, पण बर्फात नाही. दादांच्या कमरेला पाऊच, आत इन्सुलिनची नेतात तसली गार पिशवी. औषध पिवळट-तपकिरी दिसलं की फेकून द्या. एक जोड घरी, एक अंगावर. आणि सिरिंज १ मिलीची मागा, पण सुई स्नायूत जाईल एवढी लांब हवी. इन्सुलिनची आखूड सुई देतील, ती परत करा.