भागाकारातली गोम

'इम्पॅक्ट फॅक्टर जास्त, म्हणजे वैद्यकीय नियतकालिक दर्जेदार' असं सर्रास म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. नियतकालिकातल्या मागच्या २ वर्षांतल्या मजकुराचे यंदा इतर शोधलेखांत झालेले उल्लेख भागिले त्या २ वर्षांतले लेख, एवढाच तो हिशोब. गोम अशी की भागाकारात वर अग्रलेख, वाचकपत्रं यांचेही उल्लेख धरतात, खाली मात्र फक्त शोधलेख आणि आढावा लेख.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं 'सीए' हे नियतकालिक घ्या. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनशेच्या वर गेलाय! वर्षाकाठी लेख मोजकेच, पण त्यात अमेरिकेतल्या कर्करोगाची ताजी आकडेवारी असते. कर्करोगावर लिहिणारे कितीतरी जण प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत ती टाकतात. बाकीचे लेख तिच्या पुण्याईवर तरतात.

शिवाय उल्लेख म्हणजे कौतुक नव्हे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८चा ऑटिझमवाला लेख घ्या. तपासलेली मुलं अवघी १२, ऑटिझमसाठी गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय, आणि २०१०मध्ये लेख मागे घेतला गेला. तरी उल्लेख होतच राहिले, बहुतेक तो खोडून काढायलाच. मोजणाऱ्याला शिवी काय नि ओवी काय, सारखीच.

निदान सरासरीऐवजी मध्यक (उल्लेखांच्या क्रमाने लावलेल्या लेखांत मधोमध येणाऱ्याचा आकडा) तरी बघावा, असं मला वाटतं.