दाराशी पटकन लक्षात येणार नाही असा कॅमेरा बसवायचाय, मदत हवी आहे

पश्चिमवारा
नमस्कार. घराच्या मुख्य दाराशी कॅमेरा बसवायचा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये, रात्रीही दिसलं पाहिजे आणि मला मोबाईलवर बघता आलं पाहिजे. बजेट पाच हजार. शनिवारी घरी जातोय, त्याच दिवशी बसवून टाकायचाय, म्हणजे सामान उद्या मागवावं लागेल. ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनीच सांगा, जाहिराती मीही बघितल्यात.

ओसरी
फ्लॅट की बंगला? दाराजवळ प्लग आहे का? राउटर कुठे आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पश्चिमवारा
फ्लॅटच. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला. वायफाय आहे. प्लग असेलच की जवळपास. मॉडेल सांगा ना कुणीतरी.

कैरीचं_लोणचं
दाराला मॅजिक आय असेल तर ती काढून त्याच भोकात बसणारा कॅमेरा घ्या. बाहेरून नेहमीच्या भिंगासारखा दिसतो, आतून छोटा स्क्रीन येतो. नाशिकला सासूबाईंकडे लावलाय. आधी त्या टाचा उंच करून भिंगातून बघायच्या, आता बटण दाबलं की बाहेर कोण उभंय ते दिसतं. दाराची जाडी आणि भोकाचा व्यास आधी मोजा. आमचं भोक १४ मिमीचं होतं, नळी जेमतेम गेली. काही मॉडेलांना मोठं भोक लागतं आणि मग सुताराला बोलवावं लागतं.

फेज_न्यूट्रल
बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर आहे का? असेल तर मॅजिक आयवाला कॅमेरा जाळीच बघत बसेल. दिवसा फटीतून अर्धा चेहरा दिसतो. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे (अंधारात दिसावं म्हणून असतात ते) लागले की तो उजेड जाळीवरून उलटा येतो, जाळी पांढरीफटक दिसते आणि मागचा माणूस काळा.

पश्चिमवारा
हो, सेफ्टी डोअर आहे आणि ते कायम बंद असतं. सगळ्यांकडेच असतं म्हणून लिहिलं नाही.

कैरीचं_लोणचं
सासूबाईंकडे सेफ्टी डोअर नाही. पण तुमच्याकडे असलं तरी दिवसापुरतं चालेल की.

हडसनकाठ
एवढा विचार कशाला करताय? आम्ही न्यू जर्सीत बेलचं बटण काढून त्या जागी डोअरबेल कॅमेरा बसवला. जुन्याच दोन वायरी जोडल्या, अर्ध्या तासात काम झालं. कुणी बेल दाबली की फोन वाजतो, मी ऑफिसातून बोलतो. भारतातही मिळतात.

फेज_न्यूट्रल
हे कृपया कुणी इथे करून बघू नका. अमेरिकेत बेलला ट्रान्सफॉर्मर असतो, बटणापर्यंत १६ ते २४ व्होल्टच येतात. आपल्याकडे बेल थेट २३० व्होल्टवर चालते. बटणाच्या डबीत येणाऱ्या दोन वायरी म्हणजे एक फेज आणि दुसरी तीच वायर स्विचमधून बेलकडे जाणारी. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तिथे नसतोच. त्या वायरींवर तिकडचा कॅमेरा लावला तर तो जळेल आणि लावणाऱ्यालाही झटका बसेल.

हडसनकाठ
बॅटरीवर चालणारेही असतात, मग वायरचा प्रश्नच नाही.

फेज_न्यूट्रल
बॅटरी संपली की काढून चार्ज कोण करणार? घरात कोण असतं ते धागाकर्त्याने अजून सांगितलेलंच नाही. शिवाय डोअरबेल कॅमेरा सगळ्यांना दिसतो, यांना नेमकं तेच नकोय.

ओसरी
माझाही तोच प्रश्न. लपवून का? दर्शनी भागात मोठा कॅमेरा आणि खाली पाटी लावा. आमच्या सोसायटीत लावल्यापासून सायकलींची चोरी थांबली. चोर कॅमेरा बघूनच परत फिरतो.

पश्चिमवारा
चोराचा प्रश्न नाहीये. आई एकटी असते, मी बेंगळुरूला. दुपारी दोन ते चारच्या मध्ये कुणीतरी बेल वाजवून निघून जातं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती दारापर्यंत येते तोवर बाहेर कुणी नसतं. गेल्या महिन्यात लॅचच्या भोकात आगकाडी मोडून ठेवली होती. ती भाजी घेऊन आली तर किल्ली आत जाईना. चावीवाला येईपर्यंत पिशवी घेऊन जिन्यात बसून होती. कॅमेरा दिसला तर हे थोडे दिवस थांबेल आणि करणारा कोण ते कधीच कळणार नाही. मला ते कळायला हवंय. मजल्यावर चारच दारं आहेत. संशय कुणावर आहे ते इथे लिहिणार नाही.

कैरीचं_लोणचं
अरे देवा. हे आधी सांगायचं ना! आई बऱ्या आहेत ना? शाळेला सुट्टी असते त्या दिवशीही बेल वाजते का ते त्यांना विचारा. आमच्याकडे तिसरी-चौथीतली पोरं निघाली होती.

समोरचं_दार
वाचून वाईट वाटलं. पण मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या समोरच्यांनी असाच बारका कॅमेरा लावला होता आणि तो थेट आमच्या दारावर रोखलेला होता. दार उघडलं की आमचा अर्धा हॉल त्यांच्या मोबाईलमध्ये. घरात आपण कसेही वावरतो. ते कळल्यावर मी कित्येक दिवस दार लोटूनच दूध घेत होते. ॲपमध्ये प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते, चित्रातला हवा तेवढा चौकोन काळा करता येतो. समोरच्या दारावर तो चौकोन लावाच. आणि सेक्रेटरींना एक पत्र द्या, पॅसेज सोसायटीचा असतो.

ओसरी
स्वतःच्या दाराला कॅमेरा लावायला परवानगी कशाला? उद्या तोरण लावायलाही अर्ज करायचा का? आणि पत्र दिलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला कळलं. मग लपवून उपयोग काय?

समोरचं_दार
तोरण आमच्या हॉलचं चित्रीकरण करत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. आणि २०२५ मध्ये कलकत्त्याच्या प्रकरणात तर संमतीशिवाय कॅमेरे चालणार नाहीत असा निकाल झालाय.

मुद्देमाल
कलकत्त्याचं प्रकरण वेगळं होतं. एकाच घरात राहणारे दोन भाऊ आणि घराच्या राहत्या भागातले कॅमेरे, असा तो वाद होता. आपल्याच दाराबाहेर कोण येतं ते बघण्याला तो निकाल सरसकट लावता येत नाही. पण समोरचं_दार यांचा मूळ मुद्दा बरोबर आहे. दुसऱ्याच्या घराच्या आतलं दिसत असेल तर तक्रार होणार, आणि तेव्हा तुमची बाजू लंगडी पडेल. पत्र फक्त सेक्रेटरींच्या हातात द्या, नोटीस बोर्डावर लावू नका म्हणून सांगा आणि पोच घ्या.

दुसरं, जे सापडेल ते पोलिसांकडे न्यायचं असेल तर व्हॉट्सॅपवर फिरवलेली क्लिप पुरेशी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात ते ६५ब होतं. मेमरी कार्ड काढून जपून ठेवा, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ देऊ नका. आवाजाचं रेकॉर्डिंग मात्र बंद ठेवा. पॅसेजमध्ये उभं राहून लोक आपापलं बोलत असतात, त्याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही.

बांधावरून
कुणाला उपयोग झाला तर सांगतो. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीची केबल सारखी चोरीला जायची. सिम कार्डवर चालणारा सोलर कॅमेरा खांबावर बसवला. वीज नको, वायफाय नको. पावसाळ्यात ढग असले की बॅटरी उतरते एवढंच. रेंज असेल तर रानातलं सगळं घरबसल्या दिसतं.

ओसरी
दादा, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात ऊन कुठलं? पण शेतासाठी चांगली माहिती आहे, वेगळा धागा काढा, मलाही गावी लावायचाय.

फेज_न्यूट्रल
आता सगळं कळलं, तर माझं मत. सेफ्टी डोअर आणि लाकडी दार यांच्या मधल्या जागेत, चौकटीला आतून, छोटा वायफाय कॅमेरा बसवा. भिंग जाळीच्या एका भोकाला अगदी चिकटलं पाहिजे, म्हणजे जाळी चित्रात येत नाही. उंची साधारण साडेपाच फूट. सगळे वर छताजवळ लावतात आणि मग टोप्या आणि हेल्मेटच दिसतात. लेन्स २.८ मिमीची घ्या, तिला जवळचं पण रुंद दिसतं, अरुंद पॅसेजला तीच बरी. इन्फ्रारेड बंद करा. बहुतेक कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे असतात, अंधारात लाल ठिपके दिसतात आणि गुपित तिथेच फुटतं. ९४० वाले दिसत नाहीत, पण जाळीचा त्रास त्यांनाही आहेच. त्यापेक्षा पॅसेजमध्ये ९ वॅटचा एलईडी रात्रभर चालू ठेवा.

वायर लाकडी दाराच्या चौकटीला बिजागरीच्या बाजूने बारीक भोक पाडून आत घ्या. कुलपाच्या बाजूने नको, दार आपटून ती तुटते. आणि राउटर नक्की कुठे आहे?

पश्चिमवारा
राउटर आतल्या बेडरूममध्ये. मध्ये दोन भिंती.

फेज_न्यूट्रल
मग २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क वापरा, ५ वालं भिंतीतून कमी पोहोचतं. घरून निघायच्या आधी दार लावून बाहेर उभे राहा आणि मोबाईलवर सिग्नल बघा. राउटरला छोटा यूपीएस लावलात तर वीज गेली तरी नेट राहील. कॅमेऱ्याचा ॲडॅप्टर मात्र इन्व्हर्टरच्या प्लगवर हवा.

कैरीचं_लोणचं
कार्ड किती जीबीचं लागेल? ३२ पुरेल ना? आणि क्लाउडचे (रेकॉर्डिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवण्याचे) पैसे भरू नका, फुकट जातात.

मुद्देमाल
क्लाउडला नाही म्हणू नका. कॅमेराच उपटून नेला तर कार्डही जातं.

फेज_न्यूट्रल
कॅमेरा बंद सेफ्टी डोअरच्या आत आहे, उपटणार कोण? कार्डाचा हिशोब असा: १०८० पिक्सेलचं चित्र २ एमबीपीएसने सतत साठवलं तर दिवसाला २१ जीबीच्या वर जातात. ३२ दीड दिवसात भरेल, ६४ तीन दिवसांच्या आत. १२८ घ्या, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्या आणि हालचाल झाली तरच रेकॉर्ड हा पर्याय निवडा. आणि डब्यावर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

पश्चिमवारा
हे पटलं. जाळीचं भोक आईला मोजायला सांगितलं, पट्टी लावून २२ मिमी म्हणाली. भिंग त्यात मावेल असा कॅमेरा आत्ताच मागवतोय. शेजारच्या दाराचा चौकोन काळा करणार. पत्र शनिवारी हातात देतो. एकच शंका: दुपारी आई झोपलेली असताना नोटिफिकेशन तिच्या फोनवर जाऊ नये, फक्त माझ्याकडे यावं. जमेल?

फेज_न्यूट्रल
जमेल. ॲप फक्त तुमच्या फोनवर ठेवा, त्यांना बघायची सोय द्यायची असेल तर शेअर करून त्यांच्या फोनवर सूचना बंद करा. आणि भोक पाडताना चौकटीतून बेलची वायर गेलेली नाही ना ते आधी बघा. मेन स्विच बंद करूनच ड्रिल लावा.