अनुभव धागा: मिठानं रुचकर बोलणं, मंडळीत, दारात आणि ग्रुपवर

बायबलातलं कलस्सैकरांस 4:6 हे वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बोलणं कृपायुक्त, मिठानं रुचकर केल्यासारखं असावं. पाठ असूनही बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळ्यांत (चर्चच्या समाजात) भांडणं होतात ती बोलण्यावरूनच. म्हणून वचनं नकोत, रीत सांगा. आधी काय करायचं, कुठले शब्द टाळायचे, कुठं बिघडतं. स्वतःच्या घरच्या कहाण्या नकोत, नावं तर अजिबात नकोत.

बेळगाव कॅम्प, मंडळीतले वाद मिटवायला बसणारे

मत्तय 18:15 ते 17 मध्ये तीन पायऱ्या आहेत: एकट्यानं जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपल्याकडं पहिली पायरी गाळूनच सुरुवात होते. माणूस आधी मेव्हण्याला सांगतो, मग पास्टरला, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. तोवर तो तयारीनिशी बसलेला असतो.

एकट्यानं जायचं म्हणजे फोनवर विषय काढायचा नाही. “पंधरा मिनिटं बोलायचंय, कधी येऊ?” एवढंच विचारायचं. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तर नकोच, तिथं चार कान असतात. एका बैठकीत एकच गोष्ट काढायची. जे स्वतः पाहिलं किंवा ऐकलं तेवढंच सांगायचं, समोरच्याचा हेतू सांगायचा नाही. “सगळे म्हणायलेत” हे वाक्य तोंडातून गेलं की बैठक संपली समजा, कारण पुढचा अर्धा तास ‘सगळे’ म्हणजे कोण यातच जातो. आपलं सांगून झालं की “मला कळण्यात काही चुकलंय का?” असं विचारून गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची वेळच लोकांना झेपत नाही. उत्तर यायच्या आत दुसरा मुद्दा काढतात.

दुसऱ्या पायरीला नेलेली माणसं साक्षीदार असतात, वकील नव्हेत. दोन्ही बाजूंना चालतील अशीच न्यावीत.

आणखी एक. मत्तय 5:23-24 (अर्पणाआधी भावाशी समेट कर) वाचून काही जण प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या सकाळी गेटवरच हात धरतात. मागं रांग उभी असताना समोरचा ‘हो’ म्हणतो खरा, पण मिटत काही नाही. शनिवारी संध्याकाळी जावं.

खानापूर, मयताच्या घरी जाणाऱ्या बायकांपैकी

बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोवर बरोबर होते. तोंड उघडलं आणि चुकत गेले. म्हणून दुःखाच्या घरी “देवाची इच्छा”, “देवाला चांगली माणसं लवकर लागतात”, “तुला आता खंबीर व्हायला पाहिजे” ही तीन वाक्यं बाहेरच ठेवून जायचं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. लोक नाव टाळतात, घरच्यांना मात्र ते ऐकायचं असतं. त्यांची एखादी आठवण एका वाक्यात सांगायची.

“काही लागलं तर सांगा” यानं काही होत नाही. सांगायचं काम आपण दुःखातल्या माणसावरच टाकतो. त्याऐवजी “उद्या सकाळी वीस जणांचा चहा आणि उप्पीट मी आणते” असं म्हणा. दहा मिनिटं बसून उठा. महिन्यानंतर, घर रिकामं झाल्यावर, परत जा. हिंदू शेजारी आपापल्या रीतीनं नमस्कार करतात, फुलं वाहतात. त्यांना त्या दिवशी शिकवायला जाऊ नये. कुठल्याच दिवशी जाऊ नये, पण त्या दिवशी तर नाहीच.

चिकोडी, दोन भाषांची मंडळी

रस्त्यावर ऐकून कानडी शिकलेले आपले लोक म्हाताऱ्या माणसालाही ‘बा’ (ये), ‘हेळु’ (सांग) म्हणतात. ‘बर्री’ (या), ‘हेळ्री’ (सांगा) म्हणायला पाहिजे. नीनु (तू) नको, नीवु (तुम्ही). उलट बाजूनं एखादा कानडी भाऊ मराठीत पास्टरना ‘तू’ म्हणाला तर तो उद्धटपणा नसतो, सवय नसते. तिथं हसून पुढं जावं.

सूचना दोन्ही भाषांत पूर्ण वाचाव्यात. एका भाषेत दहा ओळी आणि दुसरीत “तेच आहे, कळलं ना?” असं झालं की निम्मी मंडळी पाहुणी होते.

निपाणी

1 नोव्हेंबरचं कुणीच काढेना, म्हणून मी काढतो. 1956 ला त्याच तारखेला आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. एकीकडं कानडी लोकांचा राज्योत्सव, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस. त्या दिवशी ग्रुपवर दोन्हीकडचे स्टेटस येतात आणि आठवडाभर माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. गप्प बसणं म्हणजे पळ काढणं असं माझं मत.

बेळगाव कॅम्प (वरचेच)

भाऊ, मत जरूर ठेवा. मोर्चाला जायचं तर जा. पण उपासनेतल्या मध्यस्थीच्या (इतरांसाठीच्या) प्रार्थनेत ते घुसवू नका. डोळे मिटून बसलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. 1 तीमथ्य 2:1-2 प्रमाणं अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, राज्याचं नाव न घेता.

खानापूर (वरच्याच)

आम्हा कॅथलिकांचा तो सर्व संतांचा सण. मिस्सा (आमची उपासना) असते, बोलायला विषय पुष्कळ असतात.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन

प्रार्थना विनंतीच्या नावाखाली जेवढ्या चहाड्या होतात तेवढ्या दुसरीकडं कुठं होत नसतील. पोस्ट टाकण्याआधी घरच्यांना तीन गोष्टी विचारते: नाव लिहू का, आजार लिहू का, कुठल्या ग्रुपवर? एकाचंही उत्तर ‘नको’ आलं तर फक्त “एका कुटुंबासाठी प्रार्थना करा” असं लिहायचं. लग्न मोडलं, मुलगी घर सोडून गेली, असल्या गोष्टी परवानगी असली तरी लिहीत नाही. स्क्रीनशॉट बाहेर गेला की तो परत येत नाही. रागातला व्हॉइस मेसेज तर लेखी शब्दापेक्षा वाईट, कारण सूर पण ऐकू येतो.

हल्याळकडचा, शब्बाथ शाळा (मुलांचा बायबल वर्ग)

मुलांसाठी एकच: “खोटारडा आहेस” नको, “हे खरं नाही” म्हणा. चूक धरा, पोराला नाव ठेवू नका.

निपाणी

पण अक्का, कॅम्पवाले मामा, सगळं एकट्यात जाऊनच सांगायचं का? गलती 2 मध्ये प्रेषित पौलानं अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्राला सगळ्यांसमोर सुनावलं.

बेळगाव कॅम्प

पेत्राची चूकही सगळ्यांसमोरच होती आणि तिच्यामुळं इतर वाहवत चालले होते. तशी उघड चूक असेल तर उघड बोलावं. उदाहरणार्थ हिशेब. वार्षिक सभेत वाचलेला हिशेब जुळत नसेल तर सभेतच विचारायचं, पण “पैसे कुठं गेले?” असं नव्हे. “तिसऱ्या पानावरची दुरुस्तीची रक्कम आणि पावत्या यांत फरक दिसतोय, पुढच्या सभेपर्यंत तपासून सांगाल का?” असं. पान, रक्कम, मुदत. खजिनदाराला आदल्या दिवशी फोन करून “उद्या हे विचारणार आहे” असं कळवायचं, म्हणजे तो पावत्या घेऊनच येतो.