लाइव्ह लोकेशन म्हणजे जीव लावणं नव्हे

इथं एका ताईनं विचारलंय की बॉयफ्रेंड दिवसभर लाइव्ह लोकेशन मागतो, काय करू; त्यावर एकानं लिहिलंय की पोरगा लोकेशन मागतो म्हणजे जीव लावतो, मला तर अजिबात पटलं नाही बघा. आमच्या ओळखीतली एक पोरगी मैत्रिणींबरोबर कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खायला थांबली तरी तिच्या बॉयफ्रेंडचा व्हिडिओ कॉल, कॅमेरा फिरवून दाखव कोण कोण बसलंय, आणि नाही उचलला की रात्री नस कापतो म्हणून धमकी, मग सकाळी सॉरी न् गुलाब. हळूहळू मैत्रिणी तुटल्या आणि वर हिलाच वाटायचं आपलंच चुकतंय. हात उचलत नाही म्हणजे सगळं बरं चाललंय असं नसतं ओ.

ताई, तू आधी विश्वासातल्या एकाला तरी सगळं सांग, मेसेज डिलीट करू नको, स्क्रीनशॉट काढून त्याच माणसाकडं पाठवून ठेव. महिला हेल्पलाइन १८१, जीवावर बेतलं तर सरळ ११२, नुसतं मन मोकळं करायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहिता कलम ७८. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असू दे. आणि ब्रेकअप सांगायला एकटी जाऊ नको, 'शेवटचं पन्हाळ्याला भेटू' म्हणाला तर मुळीच नको.