मदत हवी आहे: क्रोममधला जुना डेटा कपॅसिटरच्या अ‍ॅपमध्ये कसा आणावा?

घरखर्चाच्या नोंदींचं रिअ‍ॅक्ट वेब अ‍ॅप कपॅसिटरने (वेब अ‍ॅपचं मोबाइल अ‍ॅप बनवणारं साधन) प्ले स्टोअरवर न्यायचं आहे. नोंदी आणि बिलांचे फोटो वापरणाऱ्यांच्या क्रोममध्ये, इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरच्या आतल्या डेटाबेसमध्ये) आहेत. कपॅसिटरचं अ‍ॅप वेबव्ह्यूत, म्हणजे अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये चालतं; त्याचा साठा क्रोमपेक्षा वेगळा, म्हणून अ‍ॅप रिकामं उघडतं. कॉन्फिगमध्ये होस्टनेम म्हणून मूळ डोमेन दिलं, तरी तेच.

कस्टम टॅबमध्ये (अ‍ॅपमधून उघडणाऱ्या क्रोमच्या टॅबमध्ये) जुनं पान उघडून डीप लिंकने (थेट अ‍ॅप उघडणाऱ्या लिंकने) नोंदी आल्या, पण इंटेंटची (ही लिंक अ‍ॅपकडे नेणाऱ्या अँड्रॉइडच्या संदेशाची) मर्यादा सुमारे १ एमबी, फोटो राहिले. ट्रस्टेड वेब अ‍ॅक्टिव्हिटीत (क्रोममध्येच पूर्ण स्क्रीनवर साइट दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) सगळं दिसतं, पण होम स्क्रीनच्या विजेटला तो डेटा वाचता येत नाही आणि विजेट तर हवंच. सर्व्हर किंवा लॉगिन नको. लोकांचे हिशेब त्यांच्याच फोनवर राहायला हवेत.

आता वेब शेअरने (वेब पानावरून फोनचा शेअर मेनू उघडणाऱ्या सोयीने) फाईल थेट अ‍ॅपकडे पाठवायचा विचार आहे. क्रोम त्यात झिप घेत नाही. मग फोटो आणि नोंदी एकत्र, एकाच टॅपमध्ये कशा पाठवाव्यात?