आमोसचं 'नीतिमत्त्व': रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता?

हंगाम: आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला आमोस 5:24 वर, म्हणजे बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायाच्या 24व्या वचनावर बोलायचं आहे. न्याय पाण्यासारखा वाहू द्या आणि नीतिमत्त्व ओढ्यासारखं, असा वचनाचा आशय. तरुण संघात एका मुलीने विचारलं, "नीतिमत्त्व म्हणजे दारू-तंबाखूपासून लांब राहणं ना?" वडीलमंडळातल्या काकांनी लगेच मान डोलावली. मला हे पटत नाही. मूळ हिब्रू शब्द 'त्सदाका'. त्याला दुसरा शब्द सुचवा.

जुनं पान: शब्द बदलू नका. मत्तय 6:33 मधलं 'त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व' लहानपणापासून पाठ आहे. अवघड वाटलं तर उलगडून सांगा. 'नीती' हा 'नी' धातूवरून आलाय, नी म्हणजे नेणे. माणसाला सरळ वाटेने नेते ती नीती.

रेवदंडेकर: धातू बरोबर, पण शब्द वापरात कुठे येऊन ठेपलाय? मापात मारणाऱ्या दुकानदाराला कुणी अनीतिमान म्हणत नाही, लबाड म्हणतात. आमोस तर नेमका त्यालाच धरतो (8:5-6). शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, कधी संपतो आणि धान्य विकायला काढतो, असं झालेला तो व्यापारी. एफा हे धान्याचं माप लहान, म्हणजे गिऱ्हाइकाला गहू कमी. शेकेल हे चांदी तोलायचं वजन जड, म्हणजे त्याच्याकडून चांदी जास्त. वर गव्हातला केरसुद्धा विकायचा!

माझं मत 'धर्म'. आमची आजी दारी आलेल्याला पसाभर तांदूळ घालायची, त्याला 'धर्म केला' म्हणायची. दानधर्म, धर्मशाळा यांतही तोच अर्थ. पुढे ज्यू लोकांतही त्सदाका म्हणजे दान असाच अर्थ रुळला. अरबी 'सदका' त्याच धातूचा.

वसईकर: सदक्याचं नातं आवडलं, पण आमोस दान मागतच नाहीये. वहाणांच्या एका जोडासाठी गरिबाला विकलं, हा त्याचा आरोप (2:6). आणि न्याय कुठे हवा? वेशीत (5:15). गावचे वडील तिथे बसत, तंटे तिथे सुटत. रूथच्या गोष्टीतला बवाज वेशीतच जाऊन बसतो. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, न्याय हा समोरच्याचा हक्क. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हिरवाईसाठी उभे राहिले, तो काय दानधर्म होता?

हंगाम: मग 'न्यायीपण'? पण वचनात न्याय आधीच आहे, दोनदा तेच होईल.

जालनेकर: ताई, शब्द राहू दे, ओढा बघा. हिब्रूत 'नहल एतान' आहे. नहल म्हणजे पाऊस पडला की वाहणारा, एरवी कोरडा. एतान म्हणजे न आटणारा. आपल्याकडे याला 'बारमाही' म्हणतात. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये वॉशिंग्टनच्या भाषणात हे वचन घेतलं, तिथे ते 'प्रचंड प्रवाह' असं येतं. प्रचंड तर आमच्या गावचा ओढाही होतो, एका रात्रीत. दिवाळीनंतर त्याच पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. नाताळात ब्लँकेटं वाटायची, कॅरलला नवे स्पीकर आणायचे, आणि चर्च झाडणाऱ्या मावशींचा पगार थकवायचा, हे मी एका मंडळीत पाहिलंय. तुमच्या गीतांचा गोंगाट दूर करा, हे आमोसने 24च्या आधीच्याच वचनात म्हटलंय. तुमच्या उपदेशात ते 23वं वचन घ्याच.

जुनं पान: मावशींचा पगार द्यायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण 'बारमाही'तला 'माह' फारसी. व्यासपीठावरून 'अक्षय' शोभेल.

जालनेकर: रोमकरांस 10:9 मध्ये 'कबूल' आहे, तो अरबी. तो शोभतो की!

जुनं पान: तो रुळलाय.

जालनेकर: बारमाही शेतात रुळलाय, आणि सण कापणीचा आहे.

मेंढवाडा: मध्येच विचारते. 7:14 मध्ये आमोस स्वतःला उंबरांची निगा राखणारा म्हणतो. ते आपलंच उंबर का?

रेवदंडेकर: आपलं नव्हे, त्याचं भावंड. फळं तशीच खोडाला लगडतात. ती पिकावीत म्हणून एकेका फळाला हाताने चीर पाडावी लागे. आमोसचं गाव तकोवा उंच डोंगरात, तिथे हे झाड होत नाही. म्हणजे कामासाठी त्याला खालच्या मुलखात उतरावं लागत असणार. बेथेलच्या अमस्या याजकाने 'तुझ्या देशात जाऊन भाकर खा' असं हिणवलं, तेव्हा त्याने आपलं हे हातावरचं काम सांगितलं.

वसईकर: येशूला बघायला जकातदार जक्कयही उंबरावरच चढला होता ना? त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि शिवाय फसवलेल्यांना चौपट परत केलं (लूक 19:8). दोन्ही वेगवेगळं मोजलं, हे महत्त्वाचं.

जुनं पान: चौपट मोशेच्या नियमशास्त्रातलं, चोरीच्या भरपाईचं. निर्गम 22:1, मेंढरामागे चार, बैलामागे पाच.

मेंढवाडा: मग जक्कयने केली ती परतफेड म्हणायची की भरपाई? परतफेड तर कर्जाची असते.

रेवदंडेकर: उपकाराचीही असते. भरपाईच म्हणा.

जुनं पान: 'भरपाई'त पश्चात्ताप कुठे येतो?